दोर, पट्टा आणि कडी

धान कापून झाले, भारे खळ्यावर आले, की आमच्या गोंदिया जिल्ह्यात माणसाला जरा मान वर करायला सवड मिळते. अशाच दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात सालेकसा तालुक्यातील एका गावी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. काम आटोपले, चहा झाला. घरधनी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, आमच्या पोट्ट्यानं का आणलन ते एकडाव पाहा जी. दरेकसाच्या पहाडीवर चढतो म्हणते."

मुलगा बाहेरगावी कॉलेजात शिकणारा, एकोणीस वर्षांचा. दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन प्रस्तरारोहण, म्हणजे उभा खडक चढणे, शिकून आला होता. त्याने आतल्या खोलीतून पिशवी आणली आणि बाजेवर उपडी केली. रंगीत पट्टे, चकचकीत कड्या, एक हेल्मेट, एक कमरेचा पट्टा. त्याची आई दारात उभी राहून पाहत होती. तिने एक पट्टा उचलला, दोन बोटांत धरून ताणून पाहिला आणि मला विचारले, "हा एवढासा पट्टा पोराले धरते का जी?"

प्रश्न अगदी रास्त होता. कृषी महाविद्यालयात असताना मीही सह्याद्रीत दोन-तीन शिबिरे केली होती. त्यामुळे उत्तर थोडेफार ठाऊक होते. त्या दिवशी बाजेवर बसून आम्ही चौघांनी एकेक वस्तू तपासली. हल्ली खेड्यापाड्यांतील मुले-मुली या छंदाकडे वळू लागली आहेत. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले. तेलंगणातील मजूर कुटुंबातील पूर्णा मालावत हिने भोंगीरच्या खडकावर धडे घेतले आणि २०१४ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी ती तेथे पोचली. तेव्हा उद्या आपल्याही घरी अशी पिशवी येऊ शकते. ती आली तर आईबापांना त्यातले दोन शब्द कळलेले बरे, म्हणून हे लिहितो.

प्रथम खेळ कसा चालतो ते सांगतो. पारंपरिक पद्धतीत खडकाला भोके पाडून खिळे ठोकलेले नसतात. दोघे जण एका दोराला दोन टोकांनी बांधलेले असतात. एक पुढे चढतो, दुसरा खाली राहून दोर हळूहळू सोडतो आणि वेळ पडली तर आवळून धरतो. पुढचा गडी वाटेत खडकाच्या फटीत धातूचे पाचर बसवतो, किंवा एखाद्या झाडाला, खडकाच्या सुळक्याला पट्टा घालतो. या शिवलेल्या गोल पट्ट्याला स्लिंग म्हणतात. स्लिंगमध्ये कॅराबिनर, म्हणजे झडपेची कडी, अडकवायची आणि त्या कडीतून आपला दोर पुढे न्यायचा. गडी घसरला तर शेवटच्या कडीपाशी दोर अडतो. मागून येणारा हे सगळे सामान काढत येतो. खडक जसाचा तसा राहतो. म्हणजे तुमचा जीव कोणी दुसऱ्याने ठोकलेल्या खिळ्यावर नसतो, तुमच्या हाताने बसवलेल्या पाचरावर, पट्ट्यावर आणि कडीवर असतो.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. कारखान्यात शिवलेल्या स्लिंगवर एक शिवलेली चिठ्ठी असते. तिच्यावर २२ असा आकडा आणि किलोन्यूटन हे माप दिलेले असते. आपल्याला हे माप समजायला फार सोपे आहे. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण एक क्विंटल वजन. तेव्हा तो एवढासा पट्टा सरळ ओढीत बावीस क्विंटल पेलतो. चांगली कडीही लांबीच्या दिशेने वीस क्विंटलांवर पेलते. हे ऐकून बापाचा चेहरा खुलला. "मग तं बैलबंडी टांगा ना जी."

पण घाई करू नये. त्याच कडीच्या कण्यावर आणखी दोन आकडे कोरलेले असतात. झडप उघडी राहिली तर तीच कडी जेमतेम सात क्विंटल धरते. आडवी ओढली गेली तरी तितकेच, सात-आठ. म्हणजे ताकद दोन तृतीयांशाने गेली, आणि कडी तर तीच, नवी कोरी! हे त्या माउलीला मी दोनदा सांगितले. वस्तू मजबूत आहे की नाही हा अर्धाच प्रश्न असतो. ती कशी लावली हा उरलेला अर्धा. आणि अपघात बहुधा त्या उरलेल्या अर्ध्यात होतात.

कोणी म्हणेल, पोराचे वजन साठ किलो, मग सात क्विंटल काय थोडे झाले? येथे झटका ध्यानात घ्यावा लागतो. टांगलेले ओझे वेगळे आणि वरून पडून अडलेले ओझे वेगळे. विहिरीत भरलेली बादली अलगद सोडा, आणि तीच दोन हात वरून सोडून एकदम धरा, हाताला फरक कळतो. चढाईच्या दोरांची चाचणी ८० किलोचे वजन मोठ्या उंचीवरून पाडून घेतात, आणि पहिल्या झटक्याला गड्याच्या बाजूने बसणारी ओढ १२ किलोन्यूटनांच्या वर जाता कामा नये, असा यूआयएए या गिर्यारोहकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा दंडक आहे. ही संस्था १९३२ सालची. आता विहिरीवरची गडगडी आठवा. वीस किलोची बादली वर ओढताना गडगडीच्या लाकडावर वीस नव्हे, चाळीस किलोंचा भार येतो, कारण एका बाजूने बादली ओढते आणि दुसऱ्या बाजूने तुम्ही. सर्वांत वरच्या कडीचे तेच होते. घर्षणामुळे दुप्पट होत नाही, पण सुमारे पावणेदोन पटीपर्यंत जाते. बारा क्विंटलांचे वीस झाले! कडीची ताकद वीस का ठेवली आहे, हे त्यावरून कळावे. रोजच्या लहानसहान पडण्यात इतकी ओढ येत नाही, हे खरे. पण सात क्विंटलांवर भिस्त ठेवून चालत नाही, हेही तितकेच खरे.

बाजेवर कड्या पाच होत्या. चार अस्सल, पाचवी आठवडी बाजारातली, किल्ल्या अडकवायची. रंग तोच, आकार तोच. तिच्यावर आकडे नव्हते, बाण नव्हता, आणि बारकाईने पाहिल्यावर इंग्रजीत लिहिलेले दिसले की ही चढाईसाठी नाही. मुलाला ती वेगळी आहे हे ठाऊक होते, "फक्त पाण्याची बाटली लावायला" म्हणाला. पण डोंगरावर, घामाने डोळे चुरचुरत असताना, घाईत हात कोणत्या कडीवर पडेल याची हमी कोण देणार? बियाण्याच्या पोत्याजवळ औषध लावलेले बी ठेवू नये, तसेच हे. ती पाचवी कडी बापाने तेव्हाच कुडत्याच्या खिशात घातली.

उरलेल्या चारांपैकी दोन पेचाच्या होत्या, म्हणजे झडप लावून वर पेच फिरवायचा. जेथे सगळा जीव एकाच कडीवर आहे तेथे पेचाचीच कडी हवी आणि पेच फिरवलेला हवा. याबाबत माझी फजिती सांगतो. शिबिरात मी कडी लावली, पेच फिरवायला विसरलो आणि मागे वाकून मोकळा झालो. शिक्षकांनी खालूनच पाहिले आणि असे काही ओरडले की अजून कानात आहे. तेव्हापासून झडप लावली की ती बाहेरून दाबून पाहायची सवय लागली. उघडली नाही तर ठीक. आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिनही मी तशीच हलवून पाहतो, आणि ड्रायव्हर मंडळी हसतात.

साध्या झडपेच्या कडीबाबत दोन गोष्टी शिकणाऱ्याच्या हातात बसल्या पाहिजेत. दोर कडीत खडकाच्या बाजूने शिरून बाहेर, चढणाऱ्याच्या अंगाला निघाला पाहिजे. उलटा घातला तर पडताना दोर झडपेवरून आडवा जाऊन स्वतःच तिला उघडू शकतो. आणि आपण ज्या दिशेला चढणार तिच्या उलट दिशेला झडपेचे तोंड असावे. शिवाय कडी खडकाच्या कडेवर वाकून बसता कामा नये. तेथे लांब स्लिंग घालून कडी मोकळ्या जागी लोंबती ठेवावी. लांब स्लिंगचा आणखी एक उपयोग असतो. फटीत बसवलेले पाचर दोराच्या हेलकाव्याने हलून निसटते. मध्ये लांब पट्टा असला की हेलकावा पट्ट्यात जिरतो, पाचर जागेवर राहते, आणि दोरही वाकडातिकडा न जाता सरळ चालतो. नवशिके सामान वाचवायला पट्टा आखूड ठेवतात. मग वर गेल्यावर दोर असा जड होतो की जणू चिखलातून वखर ओढतो आहोत.

मग पट्टे घेतले. तीन होते. दोन कारखान्यात शिवलेले, पातळ आणि हलके. तिसरा मुलाने ट्रकच्या ताडपत्रीच्या पट्ट्याला गाठ मारून केलेला. तो मी बाजूला काढला. ताडपत्रीचा पट्टा ताडपत्रीसाठी. चढाईची सपाट नायलॉन पट्टी वेगळी मिळते आणि तिला मारण्याची गाठही ठरलेली आहे: एक साधी गाठ मारून दुसरे टोक तिच्याच वाटेने उलटे परत न्यायचे, आणि शेपटे चांगले आठ सेंटिमीटर सोडायचे. या गाठीला एक खोड आहे. वापरता वापरता ती आपोआप सरकते, शेपूट आखूड होत जाते. म्हणून प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी गाठ पाहिलीच पाहिजे. नवशिक्याने शिवलेलीच स्लिंग घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवलेल्यांतही दोन जाती. रुंद, जाड ती नायलॉनची. बारीक, गुळगुळीत, बहुधा पांढरी छटा असलेली ती डायनीमाची. दुसरी हलकी आणि दिसायला सुबक, म्हणून मुलांना आवडते. पण ती ताणत नाही आणि उष्णता सोसत नाही. नायलॉन दोनशे अंशांच्या पुढे वितळते, डायनीमा दीडशेच्या आतच. म्हणून चालता दोर कधीही पट्ट्यावरून थेट घासत जाऊ द्यायचा नाही, मध्ये कडी पाहिजेच. पट्ट्यात पट्टा अडकवून ओढ घेऊ नये, तेथेही मध्ये कडी. डायनीमाच्या पट्ट्याला गाठ मारू नये, तिची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

यापुढची गोष्ट मात्र चांगल्या चांगल्यांना ठाऊक नसते. वर पोचल्यावर गडी स्वतःला पट्ट्याने झाडाला अडकवून घेतो आणि मग, जरा पलीकडचे पाहू म्हणून, त्या अडकवलेल्या जागेच्या वर चढतो. आपण बांधलेले आहोत, मग भीती कसली? पण चढाईचा दोर झटका बसला की ताणतो, मोठ्या झटक्याला तर सुमारे एक तृतीयांशाने, आणि झटका पिऊन टाकतो. पट्टा ताणतच नाही. चाचण्यांत ८० किलोचे वजन जेमतेम चार फूट पट्ट्यावर त्याच्या टोकाच्या वरून सोडले, तेव्हा गाठ असलेला डायनीमाचा पट्टा तटकन तुटला. पट्टा वाचला तरी माणसाची कंबर वाचत नाही. पट्ट्याने बांधलेल्या माणसाने बांधलेल्या जागेच्या खालीच राहावे आणि पट्ट्यात ढील ठेवू नये. गाईला दावे ढिले ठेवले की ती झटका मारते आणि खुंटा उपटते, हे आईला सांगावे लागले नाही.

याच कारणाने बापाने देऊ केलेला नवा नायलॉनचा दोरही मी नाकारला. बैलांना, पोत्यांना, विहिरीला तो उत्तम. पूर्वी आपल्याकडे अंबाडीचे आणि पळसाच्या मुळांचे दोर वळत, त्यांच्या मानाने हा फारच मजबूत. पण पडणारा माणूस झेलण्यासाठी तो केलेला नाही. दोर तुटत नसेल, पण माणूस मोडेल.

अंगणातच झाडाचा धडा झाला. स्लिंग घालायचे झाड जिवंत, घट्ट मुळांचे, मांडीएवढ्या जाडीचे हवे. पट्टा बुंध्याशी, अगदी खाली घालावा, उंच घातला की झाडाला तरफ लागते. मोह, साग चांगले. सालई ठिसूळ. कातळावर पातळ मातीत उगवलेले झाड, किंवा फटीतून आलेली वड-पिंपळाची जात दिसायला दणकट असली तरी तिच्यावर जीव टाकू नये, मुळी खाली गेली आहे की नुसती कातळावर पसरली आहे हे कळत नाही. पट्टा बुंध्याभोवती फिरवून दोन्ही डोळे एका कडीत घेतले तर पूर्ण ताकद मिळते. एक डोळा दुसऱ्यातून ओवून फास केला तर ताकद बरीच घटते.

दोन ठिकाणी पट्टे बांधून ओझे मध्ये घ्यायचे असेल तर कोन पाहावा. मी दोन टोकांना बाप-लेकांना उभे केले आणि दोराच्या मध्ये धानाचे पोते अडकवले. जवळ जवळ उभे होते तोवर उचलले गेले. दूर सरकत गेले तसे हात थरथरू लागले, आणि दोर सरळ व्हायला आला तेव्हा पोते जमिनीवर टेकले. एक क्विंटलाचे ओझे असेल तर दोन पट्ट्यांत ६० अंशांचा कोन असताना प्रत्येकावर ५८ किलो येतात, ९० अंशांत ७१, १२० अंशांत पुरते १००, आणि १५० अंशांत १९३. दोघांनी मिळून धरले आणि प्रत्येकावर दुप्पट! म्हणून पट्टे लांब घ्यावेत आणि कोन ६० अंशांच्या आसपास ठेवावा.

एवढे झाल्यावर मी मुलाला दोन घटना सांगितल्या. २०१३ मध्ये फ्रान्समधील ओर्पिएर येथे बारा वर्षांचा एक इटालियन मुलगा चढताना वरून पडून गेला. वयाच्या मानाने तो फार निष्णात होता. कड्या चांगल्या होत्या, पट्टे चांगले होते. पण पट्ट्यात कडी सरकू नये म्हणून जे लहानसे रबर लावतात, ते चुकीचे ओवले होते. कडी पट्ट्याला नव्हे, नुसत्या रबराला अडकली होती. खालून पाहणाऱ्याला सगळे ठीकच दिसले. दुसरी घटना अमेरिकेतील योसेमिटी येथील, ऑक्टोबर २००६ ची. टॉड स्किनर हा त्या देशातील नामवंत गिर्यारोहक. त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा पुढचा फास झिजला होता. सोबत्याने ते दाखवले होते, नवा पट्टा मागवलाही होता. तो येण्यापूर्वी जुन्यावरच तो दोराने उतरत असता फास तुटला. आईने डोक्यावरचा पदर सावरला आणि काही बोलली नाही. मुलाने मात्र आपले पट्टे पुन्हा एकदा हातात घेऊन टाक्यांवरून बोट फिरवले. मला तेच हवे होते.

शेवटी मी विचारले, ही पिशवी ठेवता कुठे? आतल्या खोलीत. खोलीत जाऊन पाहिले तर पिशवी फवारणीच्या पंपाशेजारी, वर फळीवर ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, खाली युरियाचे पोते. माझा खरा विषय येथे आला म्हणायचा! बॅटरीच्या आम्लाचा थेंब, नुसती वाफसुद्धा, नायलॉनला आतून खाते. वरून डाग दिसेलच असे नाही. खतांच्या ओलीने कड्यांच्या झडपा धरतात. उंदीर पट्टा कुरतडतात ते वेगळेच. उन्हाने पट्टा फिका आणि राठ होतो, तेव्हा घराच्या पत्र्यावर वाळत घालू नये, साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. न वापरलेला पट्टासुद्धा दहा वर्षांनंतर टाकून द्यावा, असे करणारेच सांगतात. रोज उन्हात वापरातला असेल तर त्याच्या कितीतरी आधी. चीर पडली, टाके उसवले, चकाकी येऊन कडक झाला, किंवा मोठा झटका खाल्ला, तर कात्रीने कापून टाकावा. नुसता फेकला तर कोणी तरी उचलून वापरतो.

दरेकसाच्या पहाडीबाबत मी त्याला सरळ सांगितले की एकट्याने किंवा आपल्याच वयाच्या दोस्ताबरोबर जायचे नाही. दहा दिवसांच्या शिबिरात दुसऱ्याने बसवलेल्या सामानावर चढायला शिकवतात, स्वतः बसवायला नव्हे. दोन-तीन मोसम जाणत्या माणसाच्या मागून चढावे, त्याने बसवलेले पाचर काढता काढता हात तयार होतो. तोवर जमिनीवर उभे राहून, गुडघाभर उंचीच्या फटीत सामान बसवून, त्यावर अंगाचा भार टाकून पाहावे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आणि दार्जिलिंगची हिमालयन संस्था १९५४ पासून रीतसर शिकवत आहे. आपल्या राज्यात मुंबईची गिरिविहार, पुण्याची गिरिप्रेमी अशा जुन्या संस्था आहेत. जंगलात वनखात्याची परवानगी लागते. कचारगड हे आपल्या गोंड बांधवांचे श्रद्धास्थान, तेथे दोर काढूच नयेत. आणि कड्याला आग्या मोहोळ लोंबत असेल तर त्या दिवशी घरी परतावे. पट्ट्याने बांधलेल्या माणसाला पळता येत नाही.

पुढे हरभरा फुलावर असताना मी घाटेअळीची पाहणी करायला पुन्हा त्या घरी गेलो. पिशवी ओटीवरच्या खुंटीला आली होती, आईनेच तेथे लावली म्हणे. मुलगा सुटीत येऊन घरामागच्या छातीभर उंच धोंड्याशी सराव करून गेला होता. बाजारातली ती पाचवी कडी वगारीच्या दाव्याला होती. घरधनी मला म्हणाले, "साहेब, त्या चांगल्यांतली एक बैलाच्या दाव्याले मागतली मी. मजबूत असते म्हणून. पोट्टं देईचना. म्हणते, एकडाव बैलाले लावली का मग ते माह्या कामाची नाही." आणि ते हसत हसत हरभऱ्याच्या बांधीकडे चालू लागले.